यूकेतील सरकारी आयटी कंत्राटे: एससी क्लिअरन्स, आयआर३५ आणि राजीनामा

रेडिंगकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये एका खासगी कंपनीत डेटा इंजिनिअर म्हणून कायमस्वरूपी नोकरी करतो. पगार वर्षाला ७२,००० पौंड आहे. आयएलआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना, मिळाल्यामुळे आता व्हिसाची अडचण राहिलेली नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्टिंग करून पाहावे असा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे. नुकतीच एका एजन्सीमार्फत केंद्र सरकारच्या एका खात्यातील सहा महिन्यांच्या कंत्राटाविषयी विचारणा झाली. दिवसाला ५०० पौंड, आयआर३५ च्या (कंत्राटदार कराच्या दृष्टीने नोकरच आहे का, हे ठरवणारा नियम) दृष्टीने इनसाइड, म्हणजे नोकरासारखा कर, आणि एससी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी सुरक्षा तपासणीची मंजुरी, आवश्यक, अशा अटी आहेत. माझ्याकडे क्लिअरन्स नाही. एजंट म्हणतो की तुम्ही आधी होकार कळवा, बाकीचे होऊन जाईल.

माझे प्रश्न असे आहेत. सध्याच्या नोकरीचा नोटीस काळ तीन महिन्यांचा असताना राजीनामा नेमका केव्हा द्यावा? ५०० पौंडांपैकी प्रत्यक्ष हातात किती पडतात? आणि काम इनसाइड आहे हे परस्पर ठरवले कोणी, त्यावर आपल्याला काही बोलता येते का? ज्यांनी हा मार्ग चोखाळला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_कंत्राटदार

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. क्लिअरन्स मंजूर झाल्याचे लेखी कळेपर्यंत राजीनामा देऊ नका.

आता त्यामागची व्यवस्था सांगतो. एससी क्लिअरन्स कोणालाही स्वतःहून, पैसे भरून किंवा ओळख काढून मिळवता येत नाही. त्यासाठी प्रायोजक लागतो, म्हणजे ज्या खात्याला किंवा मान्यताप्राप्त पुरवठादार कंपनीला तुमची गरज आहे तिने तुमचा अर्ज यूके सिक्युरिटी व्हेटिंग या तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे पाठवावा लागतो. तुमची स्वतःची लिमिटेड कंपनी असली तरी ती तुम्हालाच प्रायोजित करू शकत नाही. दुसरीकडे जाहिराती पाहिल्या तर निम्म्या ठिकाणी 'क्लिअरन्स आधीपासून असलेलेच उमेदवार हवेत' असे लिहिलेले असते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असा हा प्रकार आहे. सरकारचे अधिकृत धोरण खरे तर असे आहे की अर्ज करतानाच उमेदवाराकडे क्लिअरन्स असावा अशी अपेक्षा धरू नये. अपवाद फक्त अल्पमुदतीच्या आणि तातडीने भरायच्या जागांचा. कंत्राटे बहुतेक याच अपवादात बसवली जातात, त्यामुळे धोरण कागदावर राहते.

मूळ पायरी बीपीएसएस या तपासणीची असते. तिच्यात ओळख, काम करण्याचा हक्क, मागील तीन वर्षांचा रोजगार आणि गुन्ह्यांची नोंद पाहतात. त्यावर सीटीसी (दहशतवादविरोधी तपासणी), मग एससी आणि त्याहून वर डीव्ही (सर्वांत सखोल तपासणी). एससीमध्ये क्रेडिट रेफरन्स एजन्सींकडील (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडील) आर्थिक नोंदी, मुदत संपलेल्या शिक्षांसह सर्व गुन्हेगारी नोंदी आणि एमआय५ या गुप्तचर संस्थेच्या नोंदी तपासल्या जातात. वास्तव्याची सर्वसाधारण अपेक्षा सीटीसीसाठी तीन, एससीसाठी पाच आणि डीव्हीसाठी दहा वर्षांची असते. भारतीय नागरिकत्व आहे एवढ्यावरून एससी नाकारत नाहीत, मात्र काही पदे केवळ ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असतात, तेव्हा हे पद त्यांतले नाही ना, हे आधी विचारून घ्या.

चकोर

एजंट होकार मागतो, कारण तुमचे नाव त्याच्यामार्फत एकदा गेले की दुसऱ्या एजन्सीला तुम्हाला त्याच जागेसाठी पाठवता येत नाही. तीन महिने थांबण्यात त्याचे काही जात नाही. घराचा हप्ता तुम्हाला भरायचा आहे.

मृण्मयी_लीड्स

क्लिअरन्सच्या अर्जाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडच्या लोकांना तिथे ज्या अडचणी येतात त्या इंग्रजी संकेतस्थळांवर कोणी लिहीत नाही.

अर्जात तुमच्या आईवडिलांची आणि जोडीदाराची पूर्ण नावे, आधीची नावे, जन्मतारखा, जन्मस्थळे, राष्ट्रीयत्व आणि पत्ते मागतात. माझ्या आईचे माहेरचे नाव वेगळे, सासरी आल्यावर पहिले नावही बदललेले, आणि पासपोर्टवर मधल्या नावाच्या जागी वडिलांचे नाव. म्हणजे एकाच बाईची कागदोपत्री तीन नावे झाली. ही सगळी 'पूर्वीची नावे' या रकान्यात क्रमाने आणि तारखांसह लिहिली. वडिलांची जन्मतारीख १ जून. ज्यांचे आईवडील खेड्यातल्या शाळेत शिकले त्यांना यामागचे रहस्य सांगायला नको. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी सरसकट १ जून लिहून टाकला आणि पुढे तोच पासपोर्टपर्यंत गेला. खरी तारीख आजीच्या सांगण्याप्रमाणे श्रावणातली. मी पासपोर्टवरचीच तारीख लिहिली आणि अतिरिक्त माहितीच्या रकान्यात दोन ओळींत कारण दिले. त्याविषयी पुढे कोणी एक अक्षर विचारले नाही.

जन्मस्थळाचे आणखी वेगळे. वडील १९४६ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात जन्मले, म्हणजे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तो भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पासपोर्टवर आहे तसे उस्मानाबाद लिहावे, आजचे नाव टिपणीत द्यावे आणि पुढे जावे. तपासणाऱ्यांना इतिहासात रस नसतो, एका कागदावरची माहिती दुसऱ्या कागदाशी जुळते का, एवढेच त्यांना पाहायचे असते.

मागील पाच वर्षांतले सगळे पत्ते सलग द्यावे लागतात. भाड्याचे घर सोडल्यापासून नवे मिळेपर्यंत मित्राकडे तीन आठवडे राहिलात, तर तो पत्ताही लिहा. आईच्या आजारपणात भारतात बरेच महिने राहिला असाल तर तेही लिहा; मागील तीन वर्षांत सहा महिने किंवा जास्त परदेशात घालवले असतील तर बीपीएसएसच्याच टप्प्यावर विचारतात, आणि भारतातले पोलिसांचे प्रमाणपत्र आणावे लागू शकते. ते मिळायला वेळ लागतो, त्यामुळे ज्यांना पुढे गरज पडेल असे वाटते त्यांनी ते आधीच काढून ठेवावे.

शंकासुर

मृण्मयीताई, प्रतिसाद उत्तम. माझ्या तर दोन्ही पालकांचा जन्म १ जूनचा आहे. यूके सिक्युरिटी व्हेटिंगने आमच्या तालुक्यात एक कार्यालय उघडावे, म्हणजे त्यांना अर्ध्या गावाचा वाढदिवस एका दिवशी उरकता येईल.

आता मुद्द्यावर येतो. माझे मत असे की एससी लागणारे काम आउटसाइड, म्हणजे स्वतंत्र व्यवसाय, असूच शकत नाही. लॅपटॉप त्यांचा, बसायची जागा त्यांची, माणूस कोण हे तेच तपासणार आणि तुमच्या जागी दुसरा पाठवायचा म्हटला तर त्याची तपासणी होईपर्यंत कंत्राट संपलेले असणार. हे नोकरीच झाले की. फक्त नोकरीतल्या रजा, आजारपण आणि पेन्शन वजा करून.

हिशेबनीस

शंकासुर यांच्या मुद्द्यावर कायदा जाणणारे कोणी बोलतील. मी फक्त पैशांचे सांगतो. (मी लेखापाल आहे, परंतु हा सल्ला नव्हे, ढोबळ हिशेब आहे.)

वर्षात २२० दिवस काम धरले तर ५०० पौंडांप्रमाणे १,१०,००० होतात. इनसाइड असल्यामुळे तुम्ही बहुधा अम्ब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे कंत्राटदाराला कागदोपत्री आपल्या पगारावर घेणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, जाल. तिची वर्षभराची फी सुमारे १,००० पौंड धरू. उरलेल्या १,०९,००० मधून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी), म्हणजे एप्रिल २०२५ पासून ५,००० पौंडांच्या वरच्या रकमेवर १५ टक्के, आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही आधी जाते. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दिवसाचा जो दर सांगतात त्यातूनच मालकाचे कर वसूल होतात, वरून कोणी देत नाही. तर तुमचा खरा एकूण पगार होतो सुमारे ९५,००० पौंड. त्यावर २०२५-२६ च्या दराने प्राप्तिकर सुमारे २५,४०० आणि तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स सुमारे ३,९००. हातात राहतात साधारण ६५,७०० पौंड, म्हणजे मूळ रकमेच्या ६० टक्क्यांच्या आसपास. रजेचा पगारही याच रकमेत धरलेला असतो, वेगळा मिळत नाही.

तुमच्या ७२,००० च्या नोकरीत पेन्शनची कपात सोडता हातात सुमारे ५२,३०० येतात. फरक वर्षाला १३,४०० च्या आसपास. त्यातून कंपनी तुमच्या पेन्शनमध्ये घालते ती रक्कम, आजारपणातला पगार आणि दोन वर्षांनंतरचा रिडंडन्सीचा (नोकरकपातीच्या भरपाईचा) हक्क वजा करा, आणि दोन कंत्राटांच्या मध्ये दीड-दोन महिने रिकामे गेले तर काय उरते ते पाहा. माझ्या मते रेडिंगकरांना या दराने फारसा फायदा नाही.

टेलफर्डची_वारी

हिशेबनीस यांच्या हिशेबात प्रवास धरलेला नाही. अम्ब्रेलामार्फत काम करताना दुसऱ्याच्या देखरेखीखाली किंवा नियंत्रणाखाली काम असेल, आणि इनसाइडमध्ये ते तसेच मानले जाते, तर एप्रिल २०१६ पासून घर ते कामाची जागा या खर्चावर करसवलत मिळत नाही. मी आठवड्यातून दोन रात्री हॉटेलात काढत होतो. रेल्वेचे तिकीट, हॉटेल आणि रात्रीचे जेवण हे सगळे ४० टक्के कर कापून हातात आलेल्या पैशांतून. सोमवारी पहाटे वूल्व्हरहॅम्प्टनला गाडी बदलताना फलाटावर आपल्यासारखेच दहा-बारा जण काखेत सरकारी लॅपटॉप घेऊन उभे दिसायचे, आणि बोलणे सुरू व्हायचे ते हॉटेलच्या दरांवरूनच. ऑफिसला किती दिवस यावे लागेल, हा प्रश्न दराच्या आधी विचारा.

चिऊताई

एक शंका आहे. मला दिवसाला ६०० पौंडांचे इनसाइड काम मिळते आहे. दोन मुले पाळणाघरात आहेत. मैत्रीण म्हणते की १,००,००० ओलांडले तर उलट नुकसान होते. हे खरे आहे का?

हिशेबनीस

@चिऊताई, मैत्रीण बरोबर सांगते आहे. एक लाखाच्या वर दर दोन पौंडांमागे एक पौंड करमुक्त मर्यादा कमी होत जाते आणि १,२५,१४० ला ती शून्य होते, म्हणून त्या टप्प्यात प्राप्तिकराचा प्रत्यक्ष दर ६० टक्के पडतो. शिवाय आईवडिलांपैकी एकाचेही समायोजित उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की करमुक्त पाळणाघर योजना आणि नोकरदार पालकांचे मोफत तास दोन्ही बंद होतात. दोन लहान मुले असतील तर हे नुकसान काही हजारांत जाते. सोयीचा उपाय म्हणजे अम्ब्रेलाला सांगून सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे पगार तेवढा कमी घेऊन, पेन्शनमध्ये पैसे वळवणे. त्याने तुमच्या दरातून जाणारा मालकाचा नॅशनल इन्शुरन्सही वाचतो. वार्षिक मर्यादा ६०,००० पौंड आहे. अम्ब्रेला निवडतानाच ती तुमच्या पेन्शन कंपनीला पैसे पाठवते का, ते विचारून घ्या, सगळ्या पाठवत नाहीत.

कलम_दहा

शंकासुर यांचा दावा ऐकायला पटतो, पण पूर्ण बरोबर नाही. थोडे मुळापासून लिहितो, कारण धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न याच्याशीच निगडित आहे.

आयआर३५ हा नियम एप्रिल २००० पासून लागू आहे. नाव पडले ते मार्च १९९९ च्या इनलँड रेव्हेन्यूच्या (तेव्हाच्या कर खात्याच्या) पत्रकाच्या क्रमांकावरून. सुरुवातीला आपण आत की बाहेर हे कंत्राटदाराची कंपनी स्वतःच ठरवत असे. एप्रिल २०१७ पासून सार्वजनिक क्षेत्रात हा निर्णय काम घेणाऱ्या संस्थेकडे गेला आणि एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांकडेही. खासगीत लहान कंपन्यांना सूट आहे. सार्वजनिक संस्थेला, ती कितीही लहान असो, सूट नाही.

नोकरी की स्वतंत्र व्यवसाय, याची कसोटी मात्र करकायद्यात लिहिलेली नाही. ती १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून चालत आली आहे. काम स्वतःच करण्याचे बंधन, नियंत्रण, आणि बाकीच्या अटी नोकरीशी सुसंगत आहेत की नाहीत, हे तिचे तीन भाग. शंकासुर म्हणतात तो बदली माणसाचा मुद्दा पहिल्या भागात येतो. इथे पिम्लिको प्लंबर्स खटला उपयोगी आहे. तो कराचा नव्हे, कामगार-हक्कांचा खटला होता, परंतु २०१७ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने बदलीच्या हक्काची जी मांडणी केली ती सगळीकडे वापरली जाते. बदली माणूस तितकाच पात्र असला पाहिजे, एवढीच अट असेल तर काम स्वतः करण्याचे बंधन आहे असे सहसा मानत नाहीत. समोरच्याला मनात येईल त्या कारणाने नकार देण्याचा निरंकुश अधिकार असेल तर ते बंधन आहे असे मानतात.

आता क्लिअरन्स ही यांपैकी कोणत्या प्रकारची अट आहे? माझ्या मते पहिल्या प्रकारची, म्हणजे पात्रतेची. एचएमआरसीच्या (आजच्या कर खात्याच्या) सेस्ट या, काम आत की बाहेर ते ठरवणाऱ्या ऑनलाइन साधनात 'ग्राहकाला बदली माणूस नाकारण्याचा अधिकार आहे का' असा प्रश्न आहे, आणि त्याखालच्या स्पष्टीकरणाचा आशय असा की बदली माणूस तितकाच पात्र असून मुलाखत, तपासणी व क्लिअरन्स या सगळ्यांतून पार पडला असतानाही त्याला नाकारता येते का. खात्यातला माणूस हे स्पष्टीकरण न वाचता 'आमच्याकडे एससी लागतो, म्हणजे आम्ही नाकारू शकतो' असे समजून 'हो' वर टिचकी मारतो आणि तिथेच निकाल फिरतो. ते उत्तर त्या कारणासाठी चुकीचे आहे.

शंकासुर

@कलम_दहा, कागदावर तुमचे बरोबर असेल. पण क्लिअर झालेला, त्याच तंत्रज्ञानातला आणि सोमवारी मोकळा असलेला दुसरा माणूस माझ्या लहानशा कंपनीने आणायचा कुठून? जो हक्क कधी बजावता येणार नाही तो असून काय उपयोग? न्यायाधीश हे पाहत नाहीत का?

कलम_दहा

पाहतात. करारात लिहिलेला हक्क खरा आहे की नावापुरता, याची छाननी होते, आणि कधीच न वापरलेल्या हक्काला फार वजन मिळत नाही. म्हणून निव्वळ बदलीच्या कलमावर आउटसाइड उभे करू नये, हे मान्य. नियंत्रण आणि आर्थिक जोखीम यांवर भर द्यावा. ठरावीक काम ठरावीक रकमेत पुरे करून द्यायचे, बिघडले तर स्वखर्चाने दुरुस्त करायचे आणि काम कसे करायचे ते आपण ठरवायचे, अशी रचना असेल तर लॅपटॉप सरकारी आहे म्हणून ती नोकरी होत नाही. सुरक्षेसाठी त्यांचेच यंत्र वापरणे बड्या सल्लागार कंपन्यांच्या लोकांनाही बंधनकारक असते, आणि त्या कंपन्यांना कोणी खात्याचे नोकर म्हणत नाही. तुमचा आक्षेप मला लागू वाटतो तो रोज सकाळी खात्याच्या स्टँडअपला (टीमच्या छोट्या बैठकीला) हजर राहून खात्याचा मॅनेजर देईल ते काम उचलणाऱ्या कंत्राटदाराला. आणि खरे सांगायचे तर सरकारी कंत्राटांतली पुष्कळशी तशीच असतात.

जुना_कंत्राटदार

खाती आउटसाइड म्हणायला का घाबरतात, तेही लक्षात घ्या. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात २०२०-२१ या वर्षात केंद्रीय खात्यांनी चुकीच्या निर्णयांपोटी भरलेली किंवा भरावी लागेल असे धरलेली रक्कम २६.३ कोटी पौंड होती. एकट्या डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सचा आकडा ८.७९ कोटींचा. म्हणजे ज्या सरकारने नियम केला त्याच्याच खात्यांना तो नीट लावता आला नाही, आणि कराचे पैसे एका सरकारी खिशातून दुसऱ्या खिशात गेले. त्यात भर म्हणजे एप्रिल २०२४ पर्यंत कंत्राटदाराने त्याच कामावर आधीच भरलेला कर त्या बिलातून वजा होत नसे. एकदा असे पोळल्यावर खात्याचा अधिकारी सगळ्यांवर सरसकट इनसाइडचा शिक्का मारतो. कायद्याने 'वाजवी काळजी' घेऊन प्रत्येक कामाचा निर्णय वेगळा द्यायचा असतो, पण इनसाइड ठरवून कोणाला बिल आल्याचे मी ऐकलेले नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे दोन्ही बदल मागे घेण्याची घोषणा केली होती. आमच्या गटात पेढे वाटले गेले. १७ ऑक्टोबरला त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती घोषणाच रद्द केली. पेढे चांगले होते.

ग्लासगोकर

इनसाइडचा ६० टक्क्यांचा हिशेब पाहून ज्यांना घाम फुटला असेल त्यांना लवकरच कोणीतरी फोन करून '८५ टक्के हातात, एचएमआरसी-मान्य' अशी अम्ब्रेला सुचवेल. एचएमआरसी कोणत्याही योजनेला मान्यता देत नाही. या योजनांत थोडासा पगार दाखवून बाकीची रक्कम कर्ज किंवा आगाऊ रक्कम म्हणून देतात. जुन्या अशाच कर्जांवर पुढे लोन चार्ज हा कर बसला आणि अनेक कुटुंबे देशोधडीला लागली. सर अमियस मोर्स यांच्या आढाव्यानंतर तो ९ डिसेंबर २०१० पासूनच्या कर्जांपुरता ठेवला गेला, पण त्यानंतरचे लोक अडकलेच. ६ एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलाने कर बुडवला तर साखळीतल्या एजन्सीलाही जबाबदार धरता येते, त्यामुळे अशा योजना कमी व्हाव्यात. तरी पगारपत्रकातली प्रत्येक ओळ वाचा.

आणि याचा क्लिअरन्सशी थेट संबंध आहे. एससीत आर्थिक परिस्थिती पाहतात ती यासाठी की कर्जाखाली दबलेला माणूस दबावाला बळी पडू शकतो. कराचे मोठे थकलेले देणे ही तिथे लपून राहणारी गोष्ट नव्हे.

बाणेर_ते_ब्रिस्टल

ग्लासगोकर यांच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. आपल्यापैकी अनेकांची एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीची) बँक खाती आहेत. त्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते, त्यामुळे ते सगळीकडे करमुक्त आहे असा गोड समज आढळतो. यूकेचा रहिवासी या नात्याने ते व्याज इथे करपात्र आहे. पीपीएफचेही तसेच. दोन्ही देश बँकांची माहिती एकमेकांना देतात. राहून गेले असेल तर एचएमआरसीच्या वर्ल्डवाइड डिस्क्लोजर फॅसिलिटीतून स्वतःहून कळवता येते. क्लिअरन्सचा अर्ज भरण्याच्या आधी हे उरकून घ्यावे, कारण तपासणीत जुन्या गोष्टीपेक्षा ती लपवण्याकडे जास्त गांभीर्याने पाहतात.

अवांतर: नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्यांनी तेही अर्जात स्पष्ट लिहावे. आणि गणपतीत गावी जाऊन तिथून काम करू, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी ते मनातच ठेवावे. माझ्या कंत्राटात सरकारी लॅपटॉप परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास सक्त मनाई होती.

शंकासुर

म्हणजे आरतीला थांबायचे आणि स्टँडअपला दांडी मारायची. इतकी वर्षे आम्ही उलटे करत होतो.

संपादक_मंडळ

सदस्यांना विनंती आहे की आपण कोणत्या खात्यात, कोणत्या प्रकल्पावर आहोत किंवा आपल्याकडे कोणत्या पातळीचा क्लिअरन्स आहे हे येथे लिहू नये. परकीय हेर व्यावसायिक संकेतस्थळांवरून अशाच लोकांशी ओळख वाढवतात, म्हणून ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये जनजागृती मोहीमही चालवली होती. अशी माहिती असलेले दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

आडवाटेचा_प्रवासी

अजून एका मार्गाचा कोणी उल्लेख केला नाही. खात्याने एखादे काम पूर्णपणे एखाद्या सल्लागार कंपनीला सोपवले असेल, तर आयआर३५ साठी ग्राहक ती कंपनी असते, खाते नव्हे. निर्णय ती कंपनी देते, आणि ती लहान असेल तर पूर्वीप्रमाणे तुमची स्वतःची कंपनी ठरवते. अशा कंपन्या क्लिअरन्ससाठी प्रायोजकही होतात. फक्त काम खरोखर सोपवलेले हवे. माणसे पुरवून त्याला सेवा म्हटले तर ते टिकत नाही.

माझा स्वतःचा मार्ग आणखी सरळ होता. मी अशाच एका कंपनीत आधी कायमस्वरूपी नोकरी घेतली, क्लिअरन्स तिथे झाला, आणि नंतर कॉन्ट्रॅक्टिंगला बाहेर पडलो. नोकरी सोडल्यानंतर बारा महिन्यांच्या आत नवा प्रायोजक मिळाला तर जुना क्लिअरन्स बहुधा पुढे चालू ठेवता येतो. त्या वर्षभरात 'क्लिअरन्स असलेलेच हवेत' या जाहिराती तुमच्या बाजूने असतात.

रेडिंगकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

एजंटला तीन गोष्टी लेखी विचारल्या. पद राखीव नाही असे उत्तर आले. ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस जावे लागेल, आणि ते रेडिंगपासून अडीच तासांवर आहे. निर्णयाची कारणे असलेले स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट मागितल्यावर मात्र 'सर्वच भूमिका इनसाइड आहेत' एवढे एका ओळीचे उत्तर मिळाले. त्यावर आक्षेप घेण्यात अर्थ आहे का? की निवड होण्याआधीच माझे नाव कापले जाईल?

कलम_दहा

ते एका ओळीचे उत्तर म्हणजे स्टेटमेंट नव्हे. कारणांशिवाय ते वैध ठरत नाही, आणि वैध स्टेटमेंट दिले नाही किंवा वाजवी काळजी घेतली नाही तर कर कापण्याची जबाबदारी खात्यावरच येते. आक्षेप घेतल्यास खात्याने ४५ दिवसांच्या आत उत्तर द्यायचे असते. पण उत्तर देणारे तेच खाते असते, वर दाद मागण्याची स्वतंत्र सोय नाही. तुम्ही वर्णन केलेले काम, म्हणजे खात्याच्या टीममध्ये बसून त्यांच्या प्राधान्याप्रमाणे करायचे, मला इनसाइडच दिसते. आक्षेप घेण्याइतकी जागा त्यात नाही. भांडायचे असेल तर दरावर भांडा.

हिशेबनीस

सहमत. अडीच तासांचा प्रवास आणि आठवड्याला एक रात्र हॉटेल धरले तर १३,४०० मधले निम्मे तिथेच संपतात. ६०० च्या खाली मी तरी जाणार नाही.

मृण्मयी_लीड्स

रेडिंगकर, दर वाढवून मिळाला आणि पुढे जायचे ठरले तर आणखी एक विचारा. एससी पूर्ण होईपर्यंत बीपीएसएसवर मर्यादित प्रवेश देऊन काम सुरू करू देतात का? काही खाती देतात. पण ते 'हो' म्हणाले तरी राजीनाम्याचे जुना_कंत्राटदार यांनी सांगितलेलेच खरे, कारण क्लिअरन्स नाकारला गेला तर तशा कंत्राटाची नोटीस बहुधा आठवड्याचीच असते. आणि अर्ज भरायला बसण्यापूर्वी आईवडिलांना फोन करून त्यांचे पासपोर्ट समोर घेऊन बसायला सांगा. माझ्या वडिलांना स्वतःचा पासपोर्ट सापडायला चार दिवस लागले, आणि तो निघाला गॅसच्या पुस्तकासोबत रबर लावून ठेवलेला.

रेडिंगकर (धागाकर्ता)

एजंटला ६२५ सांगितले आहेत. दोन दिवस झाले, त्याचा फोन नाही. बाबांचा पासपोर्ट मात्र आजच मागवला. जन्मतारीख अर्थातच १ जून.